काजीचे न्यायासन : सचोटीची पाठशाळा



पुढील प्रसंग मी आजवर मिंबरवरून सांगितलेला नाही. तो सांगण्यात माझीच लाज आहे. परंतु या लेखात ज्या विषयाचा अभ्यास करावयाचा आहे, त्याचा पहिला धडा मी ग्रंथातून घेतला नाही. तो मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून मिळाला.

आमच्या वस्तीतील एक वयोवृद्ध गृहस्थ वारले. काही महिन्यांनी त्यांचे थोरले चिरंजीव टंकलिखित कागद घेऊन मशिदीत आले. वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज करावयाचा होता आणि कुटुंबाला ओळखणाऱ्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र हवे होते. मगरिबच्या अजानची वेळ होत आली होती. "मौलाना, फक्त सही हवी," ते म्हणाले. मी सही केली. कागद वाचला नाही. शपथ घेण्यासाठी मी कोणासमोर गेलोही नाही. शिक्का नंतर कोठेतरी उमटला. त्या कागदात वारस म्हणून तीन मुलांची नावे होती. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मुलीचे नाव नव्हते. त्या मुलीचा निकाह मीच पढवला होता.

जाहीर नोटीस वाचून मुलीने हरकत घेतली आणि उलटतपासणीसाठी मला बोलावणे आले. न्यायासनावर एक महिला न्यायाधीश होत्या. मुलीच्या वकिलांनी माझ्या दाढी-टोपीवरून उपरोधिक प्रश्न विचारताच त्यांनी शांतपणे सांगितले की, प्रश्न कागदाविषयी विचारावा, माणसाविषयी नव्हे. मुलांचे वकील मला डोळ्यांनी उत्तर सुचवू लागले, तेव्हा त्यांनाही त्याच स्वरात थांबविले. मग प्रतिज्ञापत्र माझ्या हाती देवविले आणि म्हणाल्या, "आधी पूर्ण वाचा. हवा तेवढा वेळ घ्या." सारे न्यायालय थांबले. मी वाचले आणि सांगितले की, मी हे न वाचता सही केली आहे; मृताला मुलगी आहे; तिच्या निकाहला मी स्वतः हजर होतो. माझे उत्तर लिहून घेण्यात आले आणि मला वाचूनही दाखविण्यात आले. शेवटी त्या दोन्ही वकिलांना एवढेच म्हणाल्या की, या न्यायालयात येणारा कागद सही करणाऱ्याला आधी वाचून दाखविलेला असावा. पुढचे प्रकरण पुकारले गेले.

खाली मान घालून मी बाहेर आलो. व्हरांड्यात एक तरुण वकील एका वृद्ध शेतकऱ्याला बाकावर बसवून त्याच्या अर्जाची ओळ न् ओळ वाचून दाखवीत होता. थोड्या वेळापूर्वी तो आतच बसलेला मी पाहिला होता. त्या क्षणी मला उमजले की, न्यायाधीशाच्या हातून निवाडा तर होतोच, पण त्याबरोबर माणसेही घडतात. आजच्या अभ्यासाचा विषय हाच आहे.

न्यायव्यवहारातील चार अमानती

न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यायाधीश उभा राहतो. दिव्य कुरआन मात्र या व्यवहारातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे जबाबदार धरतो.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल्-बकरा, २८२) कर्जाच्या दस्तऐवजाविषयी आहे. तीत लेखनिकाला आदेश आहे की, त्याने न्यायाने लिहावे आणि अल्लाहने शिकविलेली विद्या वापरण्यास नकार देऊ नये. ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा व त्यात काही कमी करू नये. साक्षीदारांनी बोलावले असता टाळाटाळ करू नये. आणि लेखनिकाला वा साक्षीदाराला कोणी त्रास देऊ नये. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना आज्ञा आहे की, साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहावे. सूरह अल्-माइदाची ८ वी आयत याची दुसरी बाजू सांगते : एखाद्या समूहाविषयीचा द्वेषही तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये.

बाजू मांडणाऱ्याचा उल्लेखही कुरआनात आहे. सूरह अन्-निसाच्या १०५ व्या आयतीत विश्वासघातक्यांची वकिली न करण्याची ताकीद आहे. भाष्यकारांनी या आयतींची जी पार्श्वभूमी नोंदविली आहे ती विचार करावयास लावणारी आहे. मदीनेत एक चोरी झाली आणि तिचा आळ एका निरपराध यहुदी माणसावर ढकलण्यात आला. खऱ्या चोराचे भाऊबंद त्याची बाजू घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे आले. तेव्हा या आयती अवतरल्या आणि निरपराध माणूस दोषमुक्त ठरला. पुढे १०९ व्या आयतीत विचारले आहे की, या जगात तुम्ही त्यांच्यासाठी वाद घातलात, पण कियामतच्या दिवशी अल्लाहसमोर त्यांची बाजू कोण मांडणार?

न्याय देणारा, लिहिणारा, साक्ष देणारा आणि बाजू मांडणारा अशा या चौघांकडे चार अमानती आहेत. परंतु या चौघांपैकी एकाचेच आसन असे आहे की, तेथून बाकीच्या तिघांवर रोज नजर राहू शकते. म्हणून न्यायाधीशाची नीती त्याच्यापुरती राहत नाही.

प्रेषितांनी (स.) घालून दिलेला पायंडा

आदरणीय अली (रजि.) यांना यमनला न्यायदानासाठी पाठविले गेले तेव्हा ते तरुण होते आणि जबाबदारीने संकोचले होते. प्रेषितांनी (स.) त्यांना कार्यपद्धतीचा एक नियम दिला : दोन पक्ष समोर बसले असता पहिल्याचे जसे ऐकले तसे दुसऱ्याचेही ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये. दुसऱ्या एका हदीसमध्ये रागाच्या भरात निवाडा करण्यास मनाई आली आहे. पहिला नियम कानांची शिस्त सांगतो, तर दुसरा मनाची.

उम्मुल मोमिनीन आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस प्रत्येक वकिलाने आणि पक्षकाराने ध्यानात ठेवावी अशी आहे. प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, तेही मनुष्यच आहेत, एखादा पक्षकार दुसऱ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे बोलू शकतो आणि ऐकलेल्या गोष्टीवरून निर्णय त्याच्या बाजूने जाऊ शकतो. मात्र भावाचा हक्क अशा रीतीने ज्याच्या पदरात पडला, त्याच्या पदरात आगीचा तुकडा पडला. 'अबू दाऊद'मधील निवेदनानुसार तो वाद वारसाहक्काचाच होता आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. हे शब्द ऐकताच दोघेही रडू लागले व आपला हक्क दुसऱ्याला देऊ लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सत्याचा शोध घेऊन वाटणी करण्यास आणि एकमेकांना मोकळे करण्यास सांगितले. निकालाचा एक शब्दही उच्चारला जाण्यापूर्वी पक्षकारांची अंतःकरणे बदलली होती.

जकात गोळा करण्यास पाठविलेला एक अधिकारी परत येऊन म्हणाला की, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. तेव्हा प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले. त्यांनी त्या व्यक्तीचे नाव घेतले नाही. आपण पाठविलेला अधिकारी असे कसे म्हणतो, असा सर्वसाधारण प्रश्न त्यांनी केला. तो आपल्या आईवडिलांच्या घरी बसला असता, तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या का? एका माणसाची चूक सर्व कारभारासाठी नियम बनली आणि त्या माणसाची जाहीर नाचक्कीही झाली नाही. सुधारणेची ही रीत आहे.

एक पत्र आणि त्यातील शिस्त

आदरणीय उमर (रजि.) यांनी बसराचे राज्यपाल अबू मूसा अशअरी (रजि.) यांना लिहिलेले पत्र न्यायदानाच्या इस्लामी परंपरेचा पाया मानले गेले आहे. इमाम दारकुतनी आणि इमाम बैहकी यांनी ते आपल्या संग्रहांत घेतले. इमाम इब्ने कय्यिम (मृत्यू हिजरी ७५१) यांनी 'इअलामुल मुवक्किईन' या ग्रंथात त्यावर विस्तृत भाष्य केले.

पत्रातील एक सूचना बसण्या-पाहण्याविषयी आहे. काजीने नजर, बैठक आणि वर्तन यांत दोन्ही पक्षांना समान ठेवावे. त्याचे कारणही पत्रात आले आहे : प्रतिष्ठिताला काजीकडून पक्षपाताची आशा वाटू नये आणि दुर्बलाला न्यायाविषयी निराशा वाटू नये. येथे केवळ निकाल समान असावा असे म्हटलेले नाही. काजीची नजर कोठे वळते, हे सर्वजण पाहत असतात. मोठ्या माणसाला खुर्ची मिळाली की, दाराशी उभ्या असलेल्या शिपायालाही कोणाला अडवायचे आणि कोणाला सोडायचे हे न सांगता कळते.

दुसरी सूचना मुदतीची आहे. कोणी आपला हक्क वा पुरावा सध्या हाताशी नाही असे सांगितले, तर त्याला निश्चित मुदत द्यावी. त्या मुदतीत पुरावा आणला तर त्याचा हक्क द्यावा, अन्यथा निकाल द्यावा. 'तारीख पे तारीख' हे दुखणे आपल्या कुटुंबांना नवीन नाही. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये असा नियम आहे. नियम पुस्तकात असतो. त्याला प्राण न्यायाधीश देतो. सबब तपासून मुदत देणाऱ्या न्यायाधीशापुढे वकील तयारीनिशी येतात. मागेल त्याला तारीख मिळते तेथे तयारी करणाराच वेडा ठरतो.

तिसरी सूचना सर्वांत कठीण आहे. काल दिलेल्या निर्णयाचा आज पुन्हा विचार करता चूक उमगली, तर सत्याकडे परतण्यास संकोच करू नये. असत्यात रेंगाळत राहण्यापेक्षा सत्याकडे वळणे चांगले. जो न्यायाधीश आपली चूक मान्य करतो, त्याच्यासमोर वकिलालाही 'माझे म्हणणे चुकले' असे म्हणता येते.

हिदायातील न्यायालय

मदरशांत शिकविला जाणारा 'हिदाया' हा हनफी फिकहचा ग्रंथ इमाम मरगीनानी (मृत्यू हिजरी ५९३) यांचा आहे. त्यातील काजीच्या आचारसंहितेचे प्रकरण विद्यार्थिदशेत मी परीक्षेपुरते पाठ केले होते. पिंजऱ्यातून परतल्यावर ते पुन्हा उघडले, तेव्हा त्यातील प्रत्येक नियम जिवंत वाटला.

नव्या काजीचे पहिले काम म्हणजे आधीच्या काजीचे दप्तर ताब्यात घेणे आणि कैद्यांची स्थिती पाहणे. आपल्या आधी कोणी विसरला गेला आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न असावा. दप्तर नीट राहिले तर लेखनिकालाही कळते की, आपण लिहितो ते कोणीतरी वाचणार आहे.

लेखनिक सचोटीचा असावा आणि काजीला त्याचे लिखाण दिसेल अशा जागी बसावा. हा अविश्वास नाही. देखरेखीमुळे प्रामाणिक लेखनिकाचे लाच देऊ पाहणाऱ्यांपासून रक्षणच होते.

काजीने एका पक्षाशी कुजबुजू नये, खुणा करू नयेत, एकालाच घरी पाहुणचार करू नये. भेट स्वीकारावयाची ती केवळ जवळच्या नातलगाकडून किंवा पदावर येण्याआधीपासून देत असलेल्याकडून. आणि त्यांचा वाद काजीपुढे असेल तर त्यांच्याकडूनही नाही.

साक्षीदाराला शब्द सुचवावेत का, यावर इमामांमध्ये झालेली चर्चा फार सूक्ष्म आहे. साधारण नियम असा की, काजीने साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नयेत, कारण त्यामुळे एका पक्षाला मदत होते. इमाम अबू यूसुफ (मृत्यू हिजरी १८२) यांनी मात्र संशयाला जागा नसेल अशा ठिकाणी याला परवानगी दिली. न्यायालयाच्या धाकाने साक्षीदार कधीकधी गोंधळतो आणि खरे सांगतानाही अडखळतो. अबू यूसुफ (रह.) स्वतः न्यायासनावर बसलेले होते, खलिफा हारून रशीदच्या काळात ते काजियुल कुजात म्हणजे मुख्य काजी होते. त्यांच्या मतात अनुभवाची करुणा आहे. 'हवा तेवढा वेळ घ्या' हे शब्द आठवले की मला या मतभेदाचा अर्थ कळतो : साक्षीदाराला निर्भय करणे वेगळे आणि त्याला पढविणे वेगळे.

साक्षीदाराच्या चारित्र्याची चौकशी हाही काजीच्या कामाचा भाग होता. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते हुदूद व किसासची प्रकरणे सोडता, प्रतिपक्षाने आक्षेप घेतल्याखेरीज मुस्लिमाची बाह्य सचोटी पुरेशी आहे, त्यांच्या दोन्ही शिष्यांनी सर्वच प्रकरणांत चौकशी आवश्यक मानली. म्हणजे ज्याचा बाजारातला व्यवहार खोटा, त्याची साक्ष न्यायालयात टिकणे कठीण. न्यायाधीशाची कसोटी अशा रीतीने बाजारापर्यंत पोहोचते.

मुंबईतील एक न्यायासन

ही शिस्त केवळ बसरा आणि बगदादपुरती नाही. बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपल्या घरांत माहीत असते, पण बहुधा काँग्रेसचे १८८७ सालचे अध्यक्ष म्हणून. १८६७ साली ते बॅरिस्टर झाले आणि १८९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१८९७ साली बाळ गंगाधर टिळक यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचे आधीचे प्रयत्न फेटाळले गेले होते. खटला सत्र न्यायालयाकडे गेल्यावर अर्ज पुन्हा आला, तो तय्यबजी यांच्यापुढे. १८९३ च्या मुंबईतील दंगलींना फार काळ लोटला नव्हता. दोन्ही समाजांत कटुता होती. सरकारला जामीन नको होता. तय्यबजी यांनी आरोपीचा धर्म, त्याचे राजकारण किंवा सरकारची इच्छा यांकडे पाहिले नाही. आरोपी खटल्यास हजर राहील का, या कायद्याच्या प्रश्नाकडे पाहिले आणि जामीन मंजूर केला. पुढे दुसऱ्या न्यायाधीशांपुढे खटला चालून टिळकांना शिक्षा झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी न्यायालयात बसलेल्या प्रत्येक वकिलाने पाहिले की, सत्ता आणि जमात या दोहोंच्या वर कायद्याचा प्रश्न ठेवता येतो. सूरह अल्-माइदाच्या ८ व्या आयतीचा हाच आदेश आहे.

स्वतंत्र भारतात १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली वकिलांसाठी आचारनियम झाले. न्यायालय, पक्षकार, प्रतिपक्ष आणि सहकारी वकील यांच्याप्रती त्यांची कर्तव्ये त्यांत सांगितली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी १९९७ साली स्वतःसाठी न्यायिक जीवनमूल्यांचा ठराव स्वीकारला. हे नियम आवश्यकच आहेत. परंतु तरुण वकील नियमावली एकदा वाचतो आणि न्यायाधीशाला रोज पाहतो. खोटे प्रतिज्ञापत्र खपते की पकडले जाते, अभ्यास करून आलेल्याचे ऐकले जाते की मोठ्या आवाजाचे, अपमान करणाऱ्याला थांबविले जाते की हसून दाद मिळते, यावरून तो आपला व्यवसाय शिकतो.

आपण कोठे उभे आहोत?

आपल्यापैकी फार थोडे लोक न्यायाधीश होतील. मग हा अभ्यास आपल्या काय कामाचा, असे कोणी विचारील. उत्तर दोन प्रकारचे आहे.

पहिले हे की, न्यायाधीश कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढे येणारा कागद आणि साक्ष आपणच पाठवितो. खोट्या साक्षीचा उल्लेख करताना प्रेषित (स.) टेकून बसलेले होते ते सरळ उठून बसले आणि तो इशारा त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की, आता थांबावेत असे सहाबींना वाटू लागले. म्हणून न वाचता सही करू नये. वकिलाकडे जाताना 'काहीही करा, पण जिंकवा' असे म्हणू नये. न्यायाधीशापर्यंत ओळख वा शिफारस पोहोचविण्याचा विचारही करू नये. घरातील मुलगा-मुलगी वकिली करीत असेल, तर त्यांनी किती खटले जिंकले हे विचारण्याबरोबर कोणता खटला नाकारला हेही कधी प्रेमाने विचारावे.

दुसरे हे की, आपणही लहानलहान न्यायासनांवर बसतो. जमातीच्या कमिटीपुढे नवरा-बायकोचा वाद येतो, थोरल्या भावापुढे जमिनीच्या वाटणीचा, आईपुढे दोन सुनांचा. तेथे आपण दुसऱ्याचे ऐकतो का? सुनेला बोलावतो, की तिच्याविषयी बोलून निर्णय घेतो? कमिटीच्या बैठकीत पैसेवाल्याला गादी आणि मजुराला उंबरठा मिळतो का? उमर (रजि.) यांचे पत्र आपल्यालाही लिहिलेले आहे.

माझ्या प्रसंगाचा शेवट सांगून थांबतो. वारस दाखल्यात मुलीचे नाव आले. थोरले चिरंजीव वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "मौलाना, सूरह अन्-निसाच्या ११ व्या आयतीत मुलींचा हिस्सा आहे, हे तुम्हीच मला शिकवलं होतं." मी काय उत्तर देणार? त्या दिवसापासून माझ्यापुढे येणारा प्रत्येक कागद मी मोठ्याने वाचतो, आणणाऱ्यालाही ऐकवितो आणि मगच सही करतो. त्या न्यायाधीशांची नंतर बदली झाली. त्यांनी घालून दिलेली सवय मात्र येथेच राहिली आहे.

घरात चर्चेसाठी

१. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत लेखनिक, ऋणको आणि साक्षीदार यांची कोणती कर्तव्ये सांगितली आहेत?
२. दोन्ही पक्षांना समान बसविण्याने न्यायालयातील इतर लोकांवर काय परिणाम होतो?
३. साक्षीदाराला धीर देणे आणि पढविणे यांतील फरक आपल्या घरातील एखाद्या उदाहरणाने समजावून घ्या.
४. आपल्या कुटुंबातील वाटणीत कोणाचे नाव राहून गेले आहे का?

हे अल्लाह, जे न्यायासनावर बसतात त्यांना सत्य ओळखण्याची आणि त्यावर टिकण्याची शक्ती दे. जे लिहितात, बोलतात आणि साक्ष देतात, त्यांच्या लेखणीला व जिभेला खोटेपणापासून वाचव. आणि ज्यांचे हक्क आमच्या सहीने, मौनाने वा घाईने बुडाले, ते मरणापूर्वी परत करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.